बांधावरचा करंट

काल संध्याकाळी रानडुकरांसाठी मी भाताभोवती उघडी वायर ओढली आणि करंट सोडला. आज सकाळी धसईच्या बुद्धविहारात जाऊन पहिल्यांदाच पंचशील घेतलं. जीव मारणार नाही, हे पहिलंच शील. शील देणाऱ्या नथूकाकांच्या मागून ते खणखणीत म्हटलं आणि स्वतःवरच खूश झालो.

बाहेर आल्यावर विचारलं, "काका, आमच्यात चुकलं की नारळ फोडतात. इथं माफी कुणाकडं मागायची?"

"माफ करणारा कुणी नाय रे. तू केलंस ते तुझ्याच मागं येणार."

तेवढ्यात समोरून दोन बाया विळे घेऊन गवताला निघालेल्या दिसल्या. आमच्या बांधावरूनही बाया गवताला जातात. करंट बंद करायचा राहिला होता!

मी पळत सुटलो. चप्पल कुठं पडली कळलं नाही. धावा करायला आता देवही उरला नव्हता.

बांधावर आई बसली होती. अजूनही गावदेवीला नारळ फोडणारी माझी आई. तिच्या मांडीवर वायरीचं वेटोळं होतं.

"करंट बंद करून पहाटेच काढली," ती म्हणाली. "आन् शील तू घेऊन आलास व्हय रे, मेल्या?"