सरपंचबाईंच्या सहीचा डोंगल

मी बोलतोय, सरपंचबाईंच्या सहीचा डोंगल. दिसायला अगदीच किरकोळ. बोटाएवढा निळा तुकडा, टोकाला पत्र्याची जीभ. ती जीभ संगणकाच्या फटीत घातली, पिन टाकला आणि एक बटण दाबलं की सरपंचबाईंची सही झाली. कागद नको, शाई नको, शिक्का नको. आणि खरं सांगू? बाईही नको!

माझ्या गावाचं नाव सांगत नाही, उगाच कुणाची बदनामी कशाला? मळवली स्टेशनच्या पलीकडे, भातखाचरांच्या कडेनं वर चढत गेलं की आमचं गाव लागतं, एवढं पुरे.

कारखान्यात माझ्यासारखे हजारो होते. तिथं मी कुणाचाच नव्हतो. माझा खरा जन्म राजेश्वरीताईंच्या ओसरीवर झाला. त्या नुकत्याच सरपंच झाल्या होत्या. सही त्यांचीच आहे हे पटवायला मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढं आपलं पूर्ण नाव बोलायचं होतं. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, घसा खाकरला आणि नाव घेताना इतक्या लाजल्या, की उखाणाच घेतायत जणू! दोनदा हसू फुटलं, तिसऱ्यांदा धड झालं. मग मला हातात घेऊन त्या नवऱ्याला म्हणाल्या, "ह्याला हात लावायचा न्हाई. सही माजी, डोंगल माजा."

काय बरं वाटलं होतं मला! शेजारच्या गावातल्या सरपंचबाईंचा डोंगल त्यांच्या नवऱ्याच्या खिशात, तंबाखूच्या पुडीला टेकून असायचा. मी मात्र ताईंच्या बटव्यात, वेलचीच्या वासात. पण माझी ती ऐट एका पावसाळ्यापुरतीच टिकली.

ग्रामपंचायतीत आता सगळंच पोर्टलवर. दिव्याचा बल्ब घ्या, पाण्याची मोटर घ्या, नाहीतर शाळेचा फळा घ्या. आधी सरकारी खरेदीच्या पोर्टलवर जायचं, वस्तू निवडायची, मग सही. वस्तू आली की ती मिळाली म्हणून परत सही. आमचा संगणक चालवणारा अतुल. स्वभावानं गरीब, कामाला वाघ, पण तीन गावं एकट्याच्या गळ्यात. दर दोन दिवसांनी त्याचा फोन, "ताई, सही पायजे."

एकदा भाताची लावणी चालली होती. ताई गुडघाभर चिखलात. अतुल लॅपटॉप घेऊन बांधावर उभा. बटव्यातून मला त्यानंच काढलं, ताईंचे हात चिखलानं माखलेले होते ना! "ताई, पिन काय?" तो ओरडला. ताईंनी खाचरातूनच हाळी देऊन पिन सांगितला. लावणीच्या सगळ्या बायांनी तो ऐकला! एक म्हातारी तर म्हणाली, "अगं, ह्ये तर तुज्या थोरल्याचं जन्माचं साल!" सगळ्या खो खो हसल्या, ताईही हसल्या. आणि हसता हसताच म्हणाल्या, "अतुल, तूच ठेव बाबा तो. सारखं कुटं पळत येऊ?"

झालं. नवऱ्यापासून ज्याला एवढं जपलं, तो मी अतुलच्या हवाली. त्यानं पिन चिकटपट्टीवर लिहून माझ्या पाठीला डकवला आणि मला ऑफिसातल्या खिळ्यावर, कपाटाच्या किल्लीशेजारी टांगलं. कुलपाची किल्ली कुलपालाच बांधून ठेवावी, तशातली गत. पण कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. सगळीकडे असंच चालतं म्हणे.

आता कोमलचं सांगतो. सांगायचं होतं ते हेच.

कोमल म्हणजे दत्तोबांची लेक. लहानपणच्या तापानं तिचे पाय गेले. पण पोरगी हुशार, बारावी झालेली, बोलायला गोड. मळवली स्टेशनाजवळ नीरजाबाईंची रोपवाटिका आहे. फोनवर रोपांची मागणी घ्यायला त्यांना कुणीतरी हवं होतं. कोमल त्यांना पसंत पडली. त्या म्हणाल्या, "काम तुझंच. फक्त रोजची ये-जा तुझी तुला जमली पाहिजे." दत्तोबा तिला पाठुंगळी घेऊन रस्त्यापर्यंत आणायचे, पण त्यांची पाठ आता साथ देत नव्हती. मधला रस्ता मुरमाचा. हातानं पेडल मारायची, मोठ्या चाकांची तीनचाकी सायकल मिळाली असती, तर पोरगी एकटी गेली असती.

दिव्यांगांसाठी ग्रामपंचायत पैसा राखून ठेवते. ग्रामसभेत ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "कोमल, तुजी तीनचाकी मी आणून देती." कोमलनं त्याच संध्याकाळी नीरजाबाईंना फोन केला आणि त्यांनीही थोडं थांबायचं कबूल केलं.

मार्च उजाडला. वर्ष संपायच्या आत खरेदी झाली नाही तर निधी परत जाणार. अतुलच्या डोक्यावर तिन्ही गावांच्या खरेद्या! नेट असं, की येतंय न् जातंय. त्यानं पोर्टलवर शोधलं, सगळ्यात स्वस्त ते वर आलं. वस्तूंचे फोटो काही केल्या उघडेनात, नुसत्या पांढऱ्या चौकटी. त्यानं ताईंना फोन लावला. त्या नात्यातल्या लग्नात होत्या, मागं बँडचा दणदणाट. "ताई, कोमलच्या गाडीचं लावू का?" "लाव की बाबा, इचारतोस काय!" त्यानं मला खिळ्यावरून काढलं. माझा दिवा लुकलुकला. सही झाली. आणि फोटो उघडला तो त्यानंतर. वरातीमागून घोडं!

मी ओरडलो असतो हो! पण माझ्या जिभेला बोलता येत नाही, तिच्यातून फक्त सही बाहेर पडते.

खोक्यातून आली ती दवाखान्यात ढकलायची खुर्ची. पुढची चाकं लहान मुलाच्या खेळण्याएवढी. कागदावर नाव मोठं भारदस्त होतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! ताई तेव्हा सरपंचांच्या प्रशिक्षणाला पुण्याला गेल्या होत्या. ग्रामसेवक दिगंबर भाऊसाहेबांनी खुर्चीकडे पाहिलं, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "आलंय ते देऊन टाकू. फोटो तेवढा काढून पाठवा." फोटो ऑफिसच्या फरशीवर काढला, कारण ती चाकं फरशीवरच फिरत होती. कोमलच्या गळ्यात हार. ती हसली नाही, तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, "हस की पोरी." मग ती हसली.

ताई परतल्या त्या थेट कोमलच्या दारात. खुर्ची त्यांनी स्वतः ढकलून पाहिली. मुरमात चाक रुतलं आणि कोमल पुढं कलंडली. दत्तोबांनी धरलं म्हणून निभावलं. ताई तिथून ज्या निघाल्या त्या तरातरा ऑफिसात.

"ही खुर्ची आपुन घेनार न्हाई. परत पाठवा. मला तीनचाकी पायजे."

भाऊसाहेब म्हणाले, "हरकत नाही, ताई. माल मिळाला अशी सही होईपर्यंत परत करता येतो."

माझा जीव भांड्यात पडला. पण अतुल मान वर करेना.

"काय रं?" ताई म्हणाल्या.

"ताई, तुमची सही झाली."

"माजी? कवा?"

"सकाळीच. कंपनीवाला सारखा फोन करीत व्हता. पोर्टलवर लाल अक्षरात येत व्हतं. माल तपासला, योग्य हाय, असं... करून टाकलं मी."

"आरं, मी तर आत्ता येतीय! माज्याशिवाय माजी सही झालीच कशी?"

अतुलनं खिळ्याकडे बोट दाखवलं. ताईंनी खिळ्यावरून मला उतरवलं आणि पाठीवरची चिकटपट्टी वाचली. कितीतरी महिन्यांनी त्यांचा हात मला लागला होता.

दुसऱ्या दिवशी त्या वडगावला पंचायत समितीत गेल्या, मला बटव्यात घेऊन. अतुल बाहेर व्हरांड्यात उभा राहिला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, "ही सही तुमची नसेल तर तसं लेखी द्या. मग खरेदी रद्द होऊ शकेल. पण चौकशी लागेल, डोंगल कुणाकडे होता ते निघेल. त्या संगणकवाल्या मुलाचं काम जाईल आणि तुमच्यावरही ठपका येईल." मग त्यांनी विचारलं, "सही तुमचीच आहे ना?"

ताईंनी मला मुठीत आवळलं. दारातून अतुल दिसत होता. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न होतं. ताईंना त्याची दया आली, हे खरं. पण सरपंचपदही डोळ्यांपुढं आलं, हेही तितकंच खरं. मुठीत असणाऱ्याला सगळं कळतं हो.

नाही म्हणा, ताई. एकदा नाही म्हणा. मी आतून विनवत होतो.

"व्हय," ताई म्हणाल्या. "माजीच हाय."

मग कोमलला लाभ दिल्याची नोंद कायम. दुसरं साधन आता काही वर्षं मिळायचं नाही. नीरजाबाईंनी आणखी थोडी वाट पाहिली. मग कामशेतहून येणारी एक मुलगी ठेवली.

आता मी ताईंच्या बटव्यात असतो. पिन बदललाय. सही करायच्या आधी त्या अतुलला समोर बसवून ओळ न् ओळ वाचायला लावतात. फोटो उघडेपर्यंत हटत नाहीत. माझी मुदत संपत आलीय, लवकरच मी निकामी होईन आणि माझ्या जागी दुसरा येईल. ज्यांच्या नावाचे डोंगल कुठंतरी खिळ्याला टांगलेत, त्यांना हात जोडून सांगतो, आज घरी जाताना तो सोबत घेऊन जा. आम्हाला नाही म्हणता येत नाही, तुम्हाला येतं.

एवढं सांगितलं, आता शेवटचं. वडगावहून आल्यावर ताई कोमलकडे गेल्या. काही लपवलं नाही, साहेबांनी काय विचारलं आणि आपण काय बोललो ते सगळं सांगितलं. डोळ्यांना पदर लावला. कोमलनं विचारलं, "अतुलदादाचं काम ऱ्हायलं न्हवं?"

"ऱ्हायलं."

"चला," कोमल म्हणाली, "एकाचं तरी ऱ्हायलं."