व्हर्डेलबाईंचं भांडं

नवरा गेला तेव्हा व्हर्डेलबाईंच्या घरी अमेरिकेतल्या अख्ख्या मेम्फिस शहरानं भरलेली भांडी आणून दिली. तिथली रीतच तशी. भांड्याच्या बुडाला नावाची चिकटपट्टी लावायची, आणि ज्याचं त्याला परत करताना ते रिकामं द्यायचं नाही. चीज घातलेल्या मॅकरोनीच्या एका भांड्यावर नाव होतं, टेरेल. बाईंचा मुलगा डेझमंड ज्याच्याबरोबर संसार करतो, तो. बाईंनी त्याला कधी घरात घेतलं नव्हतं, म्हणून तो भांडं पायरीवर ठेवून निघून गेला होता.

जूनमध्ये समलिंगी लोकांची प्राइडची मिरवणूक निघाली, तेव्हा बाई चर्चला जातानाची मोठी जांभळी टोपी घालून गर्दीत शिरल्या. ऊन मी म्हणत होतं. अंगाला चमकी फासलेलं एक पोरगं ओरडलं, "आजी, टोपी झकास!"

"ठाऊक आहे. आरशात बघूनच निघालेय," बाई म्हणाल्या.

टेरेल कोपऱ्यावर सरबत वाटत होता. बाईंनी पीचच्या गोडाचं गरम भांडं त्याच्यापुढे केलं.

"बघतोस काय? धर, हात भाजतायत माझे."

टेरेलनं सवयीनं भांडं उचलून बूड पाहिलं.

"व्हर्डेलबाई, गफलत झाली. यावर तुमचं नाव आहे. माझं निळं होतं."

"तुझं निळं घासूनपुसून माझ्या ओट्यावर ठेवलंय."

"मग हे?"

"हे माझं. रविवारी दोघं मिळून परत आणून द्या. आणि पायरीवर ठेवून पळालास तर बघ. बेल वाजवायची."