काचेच्या पेटीतलं रान

निपाणीत तंबाखूच्या वखारी काय थोड्या होत्या? पण भुजबलीआण्णांची वखार लोक ओळखायचे ती मालकाच्या घाईवरनं. माणूस सोन्यासारखा, पण दम म्हणून नाही. भात शिजत असताना तीनदा झाकण काढून बघणार, लोणचं घालून चार दिवस होत नाहीत तोवर बरणीत बोट घालणार. बायको प्रेमला हसून सोडून द्यायची. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत नवरा बदलत नाही, आपल्यालाच सवय होते, हे तिला कळून चुकलं होतं.

पण त्या साली ज्येष्ठात माळ्यावरनं पापडाचा डबा काढताना ती शिडीवरनं घसरली आणि डाव्या नडगीचं हाड मोडलं. येळ्ळूरचे नागोजी हाडवैद्य मोटारीनं आले. त्यांनी हाड बसवलं, लेप लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि हात लावायचा नाही म्हणून बजावून गेले. अठराव्या दिवशी आण्णांनी पट्टी सोडली. कशाला, तर हाड जुळलंय का बघायला! हाड सरकलं. नागोजींना पुन्हा बोलावणं गेलं, हाड पुन्हा बसवलं, आणि त्या वेळच्या प्रेमलाच्या ओरडण्यानं शेजारच्या वखारीतल्या बायका हातातलं काम टाकून धावत आल्या. निघताना म्हाताऱ्यानं आण्णांकडं बघितलंसुद्धा नाही. प्रेमलालाच म्हणाला, "आक्का, आता सरकलं तर मी येऊन उपेग न्हाय. जन्माचं लंगडाय लागंल. दसऱ्यापातूर ह्या पायाला कुणाचा हात लागाय नको."

कुणाचा म्हणजे कुणाचा, ते तिघांनाही कळलं. आण्णांनी मान खाली घातली. त्यांना खरंच लाज वाटली होती, पण लाज त्यांना दोन दिवसांपेक्षा जास्त पुरत नसे. तिसऱ्या दिवशी ते पायथ्याशी येऊन बसले आणि पट्टीच्या गाठीकडं टक लावून बघायला लागले. प्रेमलानं पायावर पांघरूण ओढलं. ह्या हातांना काहीतरी काम दिलं पाहिजे, असं तिनं मनाशी ठरवलं. काम असं पाहिजे की जे दसऱ्यापर्यंत संपणारच नाही.

तिला आठवलं. बेळगावात कॅम्पातल्या कुणा डॉक्टरच्या बंगल्यात आण्णांनी काचेची पाण्याची पेटी बघितली होती. पाण्यात मासे आणि तळाला हिरवंगार गवत. महिनाभर दुसरा विषय नव्हता. ती म्हणाली, तसली पेटी आपल्याकडं करा की, मला पडल्या पडल्या रान तरी दिसेल. हे काही नुसतं निमित्त नव्हतं. चिकोडीकडच्या मळ्यात वाढलेली बाई ती, पांढऱ्या भिंतीकडं बघून तिचा जीव खरंच उबगला होता.

आण्णा उठलेच. मष्णू कल्हईवाल्याकडनं लोखंडी चौकट करून घेतली, वखारीतल्या कपाटाच्या काचा काढून तिच्यात बसवल्या. पेटी तीनदा गळली आणि एकदा तर पाणी पलंगाखाली शिरून चपला तरंगायला लागल्या. चौथ्यांदा पाणी टिकलं. मासे मात्र प्रेमलानं येऊ दिले नाहीत. आपल्या जैनाच्या घरात जीव कोंडून ठेवायचा नाही, ह्यावर आण्णांचंही दुमत नव्हतं. खिडकीशी पेटी ठेवली, तळाला माती, वर नदीची वाळू, आणि पाणी प्यायच्या पाण्यासारखं फडक्यानं गाळून. ते डासांच्या भीतीनं दिवसाआड बदलायचं.

रोप पाठवलं नागोजींनीच, मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर, ओल्या गोणपाटात गुंडाळून. येळ्ळूरच्या भातखाचरात जमिनीलगत सरपटणारं, चार पानांचं बारीक तण. सोबत निरोप होता की आम्ही हे उपटून टाकतो, तुम्ही लावताय तर लावा, पण पाण्याखाली हे लई हळू पसरतं. "लई हळू" ऐकून प्रेमलाला इतका आनंद झाला की तिनं ड्रायव्हरला चहा पाजायला लावला.

आण्णांनी तंबाखूची लावण करावी तशा ओळी धरून चिमट्यानं चोवीस काड्या लावल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक उपटून बघितली, मूळ धरलंय का म्हणून. परत लावली. मग तिची शेजारीण उपटली. हे रोज सुरू झालं. पंधरा दिवसांत चोवीसच्या नऊ राहिल्या, त्याही मलूल. आण्णा वाळूला दोष देत, पाण्याला देत, येळ्ळूरला देत. पायाकडं कुणाचं लक्ष नव्हतं, प्रेमलाचा डाव साधला होता. पण एकेक काडी वर येताना तिच्याच नडगीत कळ यायची. आपल्या वाटणीचं हे मुकं तण भोगतंय, ह्याचं तिला वाईट वाटायचं.

भाद्रपदात दशलक्षणाचं व्रत आलं. दहा दिवस त्या घरात हिरवं तोडायचं नाही, खायचं नाही. आण्णा इतर बाबतीत कसे का असेनात, व्रताला पक्के. पहिल्या दिवशी सकाळी बाह्या सारून पेटीपाशी गेले आणि थबकले. म्हणाले, "प्रेमला, हे बी हिरव्यातच धरायचं व्हय गं?"

नाही म्हणावं तर दहा दिवसांत पेटीत नुसती वाळू उरणार. हो म्हणावं तर हे हात रिकामे होणार, आणि रिकामे हात कुठं येतात ते प्रेमलाला ठाऊक होतं. तिनं त्या नऊ काड्यांकडं बघितलं.

"हिरवं ते हिरवंच की," ती म्हणाली.

पहिले दोन दिवस ती झोपली नाही म्हटलं तरी चालेल. आण्णा घरभर फिरत. एकदा पायथ्याशी बसले, बोटं पट्टीच्या गाठीपर्यंत गेली. आण्णांनी हात मागं घेतला, मांडीखाली दाबून धरला, आणि दुसरीकडं बघायचं म्हणून पेटीकडं तोंड केलं. तसेच बसून राहिले. तिथंच जेवायला मागितलं.

पाचव्या दिवशी त्यांनी कुजबुजत तिला सांगितलं, जोरात बोललं तर बिघडेल अशा आवाजात. एका काडीच्या बुडातनं दोऱ्यासारखं काहीतरी आडवं निघालं होतं आणि त्याच्या टोकाला, त्यांनी काहीही लावलेलं नव्हतं तिथं, एक पान उभं होतं. त्या दिवसापासनं हा माणूस खुर्ची घेऊन पेटीसमोर बसू लागला, हात पाठीमागं बांधून. व्रत संपल्यावर अकराव्या दिवशी त्यांनी एक काडी अलगद ओढून बघितली. ती आली नाही. आण्णांनी हात बाहेर काढला, पंचाला पुसला, आणि पुन्हा कधी पाण्यात घातला नाही.

दसऱ्याला नागोजी आले तेव्हा पेटीचा खिडकीकडचा भाग चटई अंथरल्यासारखा हिरवा झाला होता. म्हाताऱ्यानं पट्टीवरनं पाय चाचपला, दाबला, प्रेमलाचा चेहरा बघितला आणि झकास जुळलंय म्हणाला. गाठीला हात घालणार, तोच आण्णांनी त्याचं मनगट धरलं.

"आप्पा, आणखी आठ दिस ऱ्हाऊ द्या की. आतनं मूळ धरलंय का न्हाय, कुणाला ठावं? घाई कशाला?"

नागोजी त्यांच्याकडं बघतच राहिले. प्रेमला हसायला लागली, हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं. अठरा वर्षांत ह्या तोंडातनं हे वाक्य तिनं पहिल्यांदा ऐकलं होतं, आणि ते नेमकं आज!

"सोडा ओ आप्पा," ती म्हणाली. "चार महिने पडून हाय मी. मी काय पाण्यातलं तण न्हाय."

कामट्या सुटल्या. पाय वाळका, पांढराफटक, पण सरळ होता. तिनं तो जमिनीवर टेकला आणि पलंगाच्या कडेला धरून उभी राहिली. आण्णा समोर उभे होते, हात पाठीमागं घट्ट बांधून, ओठ मिटून. तिनं एक पाऊल टाकलं, मग दुसरं. तरी त्यांनी हात पुढं केला नाही. तिसऱ्या पावलाला तिनंच त्यांचा खांदा धरला.