माझ्या पाठीवरचा ठसा

मित्रांनो, मी आहे एक जुना तांब्याचा पैसा, आणि आज माझ्या अंगात आनंद मावत नाही!

टांकसाळीतून निघालो तेव्हा माझ्या एका बाजूला राजाचा मुखडा होता आणि पाठ कोरी होती. पुढे नदीवरच्या नावाड्यांच्या म्होरक्याने माझ्या पाठीवर ठोकून एक छोटी घंटा उमटवली. घंटेचा पैसा दाखवला की नाव तत्काळ सुटायची. म्हणून तो फक्त सुईणींना मिळायचा. माझी सुईण मला मुठीत धरून धावत सुटायची. किती बाळांचे पहिले रडणे मी ऐकले आहे!

मग तिने मला चाळीस नाण्यांबरोबर मडक्यात घालून पुरले आणि आम्हाला सगळे विसरले. अंगावर हिरवी पुटे चढली. फार वाईट वाटायचे, पण सांगणार कोणाला?

मडके सापडले आणि आम्ही संग्रहालयाच्या मागच्या खोलीत, मावशींच्या टेबलावर आलो. नाणी साफ करण्यात मावशींचा हात धरणारे कोणी नाही. त्यांनी मला तीन महिने तेलात भिजवले. मग भिंगाखाली गुलाबाच्या काट्याने त्या पुटाचा कण न् कण सोडवू लागल्या. सुईने तांब्यावर ओरखडा उठतो, काट्याने उठत नाही. मला तर नुसत्या गुदगुल्या व्हायच्या.

संग्रहालयाचे साहेब मात्र घायकुतीला आले होते.

"उद्या प्रदर्शन आहे, मावशी. सगळी आम्लात टाका आणि चकाचक करा."

"याच्या पाठीवर खूण आहे, साहेब. आम्लात कायमची जाईल."

"कसली खूण? फोड आलाय तो. संध्याकाळपर्यंत ओळखून दाखवा, नाहीतर आम्ल!"

मावशींनी खिडकी लावली, दिवा मालवला आणि बॅटरी माझ्या शेजारी आडवी धरली. सावल्या पडल्या आणि खूण उठून दिसली. "पेला आहे का हा?" त्या पुटपुटल्या. अहो, पेला कुठला! म्होरक्याने घाईत मला उलटे धरून ठोकले होते, आणि मावशी मागच्या बाजूच्या राजाचे डोके वरच्या दिशेला येईल असे मला धरून बघत होत्या. नाणी बघणारे सगळे तसेच बघतात. त्यांनी पुस्तकांमागून पुस्तके चाळली. पेल्याचा ठसा कुठेच नव्हता. माझा जीव टांगणीला लागला.

संध्याकाळी साहेब आम्लाची बाटली घेऊन आले. "पेल्यासारखी खूण आहे, साहेब, पण पुस्तकांत कुठे सापडत नाही," मावशी म्हणाल्या. त्यांनी बूच काढले आणि टेबलापलीकडूनच माझ्यावर वाकले.

"पेला काय म्हणताय, मावशी? ही तर घंटा आहे!" ते आणखी जवळ वाकले. मग हळूच म्हणाले, "नावाड्यांच्या जुन्या वहीत घंटेचा पैसा लिहिलाय. वीस वर्षं मी ती वाचतोय. मला वाटायचं, थाप आहे. आज माझ्याच हातून काय झालं असतं हो!"

मावशींनी त्यांच्या हातातून बाटली काढून घेतली.

आता दोघे माझी भावंडे एकेक करून फिरवून बघत आहेत. साहेबांच्या हातात गुलाबाचा काटा आहे. मित्रांनो, तुम्हाला कधी जुने नाणे सापडले तर त्याला घासायला घेऊ नका. आधी एखाद्या मावशींना दाखवा. आम्हाला ओरडता येत नाही हो.