न वाचता दाबलेलं बटण

मित्रांनो, मी एक जुना फायरवॉल आहे आणि मला माणसांच्या बोटांचा वीट आलाय.

फायरवॉल म्हणजे कॉम्प्युटरच्या दारावरचा राखणदार. हात नाही, पाय नाही, नुसता प्रोग्राम. दूर कुठल्याशा ऑफिसात पोरापोरींनी मला लिहिलं, सीडीत घातलं, आणि मी रेणापूरला हनीफभाईंच्या झेरॉक्सच्या दुकानात येऊन पडलो. दुकानात कॉम्प्युटर एकच. माझं काम सरळ. नवा प्रोग्राम नेटवर जायला निघाला की मी चौकट उघडून विचारायचं, जाऊ देऊ का अडवू? समोरचा जे बटण दाबेल ते मी कायमचं पाळायचं.

पहिल्या वर्षी मला मान होता. पेनड्राइव्हमधून आलेली घाण मी बाहेर पडू द्यायचो नाही, आणि हनीफभाई गिऱ्हाइकांना सांगायचे की आपला पहारेकरी लई कडक हाय. मग लातूरच्या क्लासचं वारं सुटलं. गावोगावची पोरं दोन-दोन वर्षं लातूरला खोली करून राहायची आणि सुट्टीला आली की नोट्सच्या प्रिंट काढायला माझ्यासमोर बसायची. शी! तंबाखूची बोटं मी सोसली, कीबोर्डात सांडलेला चिवडा सोसला. पण ह्या हुशार पोरांची एक सवय बघून मला शिसारी यायची. क्लासात त्यांना घोटून घोटून शिकवलेलं, उत्तर चुकलं तर गुण कापतात, येत नाही तो प्रश्न सोडा आणि पुढं पळा. त्यामुळं मी काही विचारलं की नसती जोखीम नको म्हणून ती न वाचताच 'अडवा' दाबायची. दोन सेकंदांत. कुणाबद्दल विचारलं, काय विचारलं, त्यांना काही देणंघेणं नाही. मी आपला निमूट अडवत राहायचो.

त्यातलीच एक पुनम. तिचे वडील श्रीमंतराव, शेजारच्या खेड्यात त्यांची शेती. मेडिकलच्या प्रवेशासाठी कॉलेजांचा पसंतीक्रम नेटवर भरायचा तो शेवटचा दिवस होता. ती वडिलांना घेऊन सकाळीच दुकानात आली. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. अर्ज गेला नाही तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात.

सकाळी हनीफभाईंनी ब्राउझर, म्हणजे नेटची पानं उघडणारा प्रोग्राम, नवा टाकला होता. मला तो परकाच. नियमाप्रमाणं मी समोर बसलेल्या पुनमला विचारलं. तिचं अर्धं लक्ष हातातल्या कॉलेजांच्या यादीत. तिनं 'अडवा' दाबलं.

झालं! पान कोरंच्या कोरं. मग जो तमाशा सुरू झाला तो विचारू नका. हनीफभाईंनी मोडेम दहा वेळा बंद-चालू केला. वायर काढून तिच्यात फुंकर मारली, थुंकीसकट. टेलिफोनवाल्यांना फोन लावून वाट्टेल ते बोलले. कॉम्प्युटरच्या डब्याच्या पाठीत चार धपाटे घातले. श्रीमंतराव म्हणाले उदबत्ती लावून बघा, तर तीही लावली, आणि राख सगळी कीबोर्डात! ह्यात दुपार गेली. लातूरला जाऊन अर्ज भरावा म्हटलं, तर एसटी समोरून निघून गेली, पुढची थेट पाचनंतर. पुनम रडायच्या बेताला आली. मला सगळं ठाऊक होतं, पण कुणाला सोडलं, कुणाला अडवलं ह्याची माझी यादी कुणी उघडल्याशिवाय मला काही सांगता येत नाही. तेव्हा मला माझीच किळस आली. कसला डोंबलाचा राखणदार, जिला जाऊ द्यायचं तिलाच अडवून बसलो होतो!

सव्वाचारला हनीफभाईंची मुलगी लुबना कॉलेजातून आली. तिनं वायरीला हात लावला नाही. आधी पडद्याकडं नीट बघितलं. खाली कोपऱ्यात व्हायरस मारणाऱ्या प्रोग्रामची नवी यादी नेटवरून उतरत होती.

"अब्बा, लाईन चालू हाय," ती म्हणाली. "नुसता ब्राउझर अडलाय."

मग तिनं घड्याळाशेजारच्या माझ्या चित्रावर दाबलं आणि माझी यादी उघडली. एकेक ओळ बोट ठेवून वाचली. ब्राउझरसमोर लाल फुली होती, आणि पुढं अडवल्याची वेळ, दहा बेचाळीस. तिनं ती मोठ्यानं वाचली आणि 'जाऊ द्या' केलं. पान उघडलं. चार चाळीसला अर्ज गेला आणि पोच छापून आली.

आता आभार मानतील, असं मला वाटलं. कसलं काय! हनीफभाई म्हणाले हे खूळच काढून टाक, ह्यानंच घात केला होता. श्रीमंतरावांनीही मान डोलावली. लुबना मला काढायला निघालीच होती, तेवढ्यात पुनम बोलली.

"त्याला नका काढू, आपा. दहा बेचाळीसला हितं मीच बसले होते. त्यानं इचारलं होतं. मी वाचलंच न्हाई."

श्रीमंतराव पोचेची घडी घालत होते, ते थांबले.

"उद्या डॉक्टर झालीस की माणसांचे कागद येतील तुझ्यापुढं," ते हळूच म्हणाले. "तेबी असेच न वाचता बाजूला सारशील का, बाई?"

पुनम परत स्टुलावर बसली आणि माझी यादी पहिल्या ओळीपासून वाचू लागली.

मित्रांनो, मी अजून रेणापुरातच आहे. मला पुसून टाकू नका, उदबत्ती तर मुळीच दाखवू नका. मी काही विचारलं तर तेवढं पूर्ण वाचा आणि मगच बटणाला बोट लावा.