आतल्या बाजूची धूळ

आमच्या ह्यांचा सगळा जन्म दगड कापण्याच्या कारखान्यात गेला आणि निवृत्त होताना तो कारखाना त्यांच्या छातीत बसून घरी आला. जिना चढायचा म्हणजे मध्येच पायरीवर बसून घ्यायचं, बोलायचं म्हणजे वाक्य अर्ध्यावर सोडायचं. उरलेलं अर्धं मी मनानेच पूर्ण करायची आणि बहुतेक वेळा माझ्या सोयीचं करायची. बरं वाटायचं ते फक्त गाडीत. म्हणून रोज संध्याकाळी मी त्यांना शेजारी बसवून, काचा बंद करून, फिरवून आणू लागले.

गाडीतली हवा गाळणारा फिल्टर मीच बदलते. गॅरेजवाल्याच्या दारात ताटकळत बसणं मला जमत नाही. शेजारच्या सीटसमोरचा कप्पा रिकामा करायचा, त्याच्या दोन्ही कडा आत दाबून तो खाली सोडायचा, मागचं झाकण काढलं की घड्याघड्यांचा फिल्टर अलगद ओढता येतो. हवा कुठून कुठे जाते ते दाखवणारा बाण त्यावर छापलेला असतो. त्या दिवशी काढलेला फिल्टर बाहेरच्या बाजूने जवळजवळ कोरा होता. धूळ होती ती आतल्या, आमच्या बाजूला. पांढरी, बारीक, बोटांत चुरचुरणारी. तीच धूळ मी वर्षानुवर्षं ह्यांच्या सदऱ्यांतून झटकली होती, ती कुठली हे मला कोणी सांगायला नको होतं.

आधी वाटलं, मागच्या वेळी मीच उलटा बसवला असणार. नवा बसवताना बाण नीट बघून घेतला. पुढच्या वेळीही तेच. मग मी शोध घ्यायचं सोडून दिलं, कारण तोवर हे जिना एका दमात चढू लागले होते. डॉक्टर छातीचे जुने-नवे एक्स-रे शेजारी लावून बराच वेळ बघत राहिले आणि औषध चालू ठेवा म्हणाले. मी काय सांगणार होते? मला आनंद झाला होता, अगदी पोटभर, आणि आनंदाची फार चौकशी करू नये असं माझं मत आहे. फिल्टर मात्र डझनाने आणून ठेवले. हे पूर्ण वाक्यं बोलू लागले, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवू लागले, दाढी करताना शीळ घालू लागले.

परवा काढलेल्या फिल्टरवर पांढरी धूळ नव्हती. आतल्या बाजूला मऊ, तपकिरी असं काहीतरी साचलं होतं. नाकाशी नेलं तर ह्यांच्या उशीचा वास आला.

"अहो, आज नको जायला," मी म्हणाले.

"का गं? इतकं हलकं तर आयुष्यात कधी वाटलं नव्हतं," असं म्हणत हे गाडीत जाऊन बसलेसुद्धा.

त्यांची समजूत घालून खाली उतरवावं म्हणून मी आत बसले, तर त्यांनीच हात लांब करून किल्ली फिरवली. आमच्या गाडीला शिस्तीचं भारी वेड. शेजारच्या सीटवर नुसती भाजीची पिशवी ठेवली, तरी बेल्ट लावा म्हणून ती केकाटते.

हे माझ्याकडे बघून हसत होते. बेल्ट त्यांनी लावला नव्हता.

गाडी गप्प होती.