पळसटोल्याचं दृढीकरण

बिशप हरिदास रामटेके आपल्या कारकिर्दीत तीनदा विलायतेला जाऊन आले. दिल्लीला किती खेपा झाल्या त्याची तर गणतीच नाही. पण आरमोरीपासून अठरा किलोमीटरवरचं पळसटोला, जिथे त्यांची नाळ पुरली होती, तिथे बिशप म्हणून ते सोळा वर्षांत एकदाही गेले नाहीत. माणूस वाईट नव्हता. माजरीच्या खाणवसाहतीत पाद्री असताना बारा वर्षं कोळशाची धूळ खात त्यांनी मंडळी सांभाळली होती. पुढे निवडणूक जिंकून बिशप झाले आणि नियमाचे पक्के म्हणून नावाजले. नियमाच्या पक्क्या माणसाचं एक असतं, त्याला कागद लांबूनही वाचता येतो आणि माणूस जवळ असूनही दिसत नाही.

आता हा सगळा घोळ ज्यावरून झाला ते सांगतो. बाप्तिस्मा झालेल्याने पुढे मंडळीसमोर आपल्या विश्वासाची कबुली द्यायची आणि बिशपाने त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा, याला दृढीकरण म्हणतात. ते झाल्यावाचून प्रभुभोजनाची भाकर मिळत नाही. हात बिशपाचाच लागतो. पाद्र्याने ठेवायचा तर बिशपाची लेखी परवानगी हवी.

पळसटोल्याला नऊ वर्षं कुणी बिशप फिरकला नव्हता. आधीचे आजारी, आणि हरिदासांच्या मागे कोर्टकचेऱ्या. तिथल्या म्हाताऱ्या देवराव पाद्र्यांनी तीन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर आलं नाही. शेवटी एका रविवारी त्यांनी तेवीस माणसांना गुडघ्यावर बसवलं आणि स्वतःच हात ठेवला. त्या तेविसांत हरिदासांची थोरली बहीण गिरजाबाई होती. बारा-तेरा वर्षांची असताना लग्न होऊन ती चर्च नसलेल्या गावी गेली, विधवा होऊन माहेरी परतली, आणि पासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा तिने ती भाकर तोंडात घातली. त्या दिवशी ती घरी रडत आली होती, आनंदाने.

ही बातमी बिशपांच्या कचेरीत पोचली तेव्हा मात्र उत्तर चार दिवसांत निघालं. 'देवराव यांनी विनापरवानगी ठेवलेला हात हा केवळ हात होय, आणि संबंधितांनी खाल्लेली भाकर ही केवळ भाकर होय. बिशप स्वतः येऊन दृढीकरण करीपर्यंत या तेवीस जणांनी प्रभुभोजन घेऊ नये.' खाली सही, शिक्का. देवराव निलंबित झाले. दोन वर्षांनी वारले, तेव्हा त्यांना पाद्र्याचा पांढरा झगा घालून पुरायचीही सोय नव्हती.

आणि बिशप स्वतः गेले का? नाव नको. पहिल्या वर्षी नाल्याला पूर होता, दुसऱ्या वर्षी दिल्लीला बैठक होती, तिसऱ्या वर्षी पोलिसांनी रस्ता बरा नाही म्हणून सांगितलं. चौथ्या वर्षापासून कारण लागेनासं झालं, कारण तोवर लाज वाटायला लागली होती. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला पुढे पुढे खाली उतरायचीच भीती वाटते. बहिणीला ते नाताळात लुगडं पाठवत, नागपूरच्या एखाद्या लग्नात भेटत, आणि भेटले की तब्येतीचं विचारत.

तेविसांतले काही टिनाच्या शेडमधल्या दुसऱ्या पंथाच्या प्रार्थनेला जाऊ लागले, काही आपल्या बौद्ध सोयऱ्यांबरोबर विहारात, काही मेले. सहा उरले. ते सहा दर उपासनेला शेवटच्या बाकावर बसत आणि बाकीचे वेदीकडे निघाले की मान खाली घालत. बिशपांचं ते पत्र चर्चच्या भिंतीवर घड्याळाशेजारी काचेत लावलेलं होतं. लोक गिरजाबाईला चिडवत, "भाऊ बिशप अन् बहीण उपाशी!" ती एवढंच म्हणे, "भावाचा शब्द आहे."

अशी अकरा वर्षं गेली. हरिदास निवृत्त झाले त्याला वर्ष झालं होतं. आश्विनात, हलका, लवकर पिकणारा धान कापणीला आला होता तेव्हा, गडचिरोलीच्या डॉक्टरांनी गिरजाबाईला घरी न्यायला सांगितलं. आठ-पंधरा दिवस, म्हणाले. हरिदास एसटीने आरमोरीला आले, तिथून ऑटोने पळसटोल्याला. ओसरीवर खाटेत ती पडली होती. अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं. शेजारची कलाबाई तिला पेज पाजत होती.

"आला का हरी?" गिरजाबाई म्हणाली. "बरं झालं. आता हात ठेव."

"बाई, मी आता बिशप नाई. रिटायर झालो."

"मंग हात गेला का तुहा?"

"हात आहे, अधिकार नाई. नव्या बिशपाची परवानगी लागते."

"तं माग ना."

मागणं सोपं नव्हतं. नवे बिशप म्हणजे तेच, ज्यांना हरिदासांनी निवडणुकीत पाडलं होतं आणि वर कोर्टात खेचलं होतं. तरी त्यांनी अभिमान गिळून फोन लावला. साहेब दौऱ्यावर होते. कारकुनाने अर्ज पाठवायला सांगितला. हरिदासांनी त्याच दुपारी आरमोरीला जाऊन पाठवला. चार दिवसांनी फोनवर उत्तर आलं की विषय समितीपुढे ठेवू, बैठक जानेवारीत आहे. फोन ठेवताना हरिदासांना आठवलं की समितीची ही पद्धत त्यांनीच घालून दिली होती.

त्यांनी दुसरी वाट काढून पाहिली. "मरणाच्या दारात असलेल्याले सूट असते, बाई. इच्छा असली तरी पुरते. चंदन पाद्री आरमोरीहून येते ना, तो देईल तुले भाकर."

"तुह्या पत्रात तं नाई लिवलं," ती म्हणाली. तिला अक्षर येत नव्हतं, पण ते पत्र तिला तोंडपाठ होतं.

खरंच नव्हतं लिहिलं. सूट त्यांना तेव्हाही माहीत होती. लिहिली असती तर पत्राचा जोर कमी झाला असता, म्हणून लिहिली नव्हती.

गुरुवारी सकाळी ती दोनदा बेशुद्ध झाली. दुपारी डोळे उघडले तेव्हा हरिदास म्हणाले, "बाई, परवानगी आली." बिशप माणूस आयुष्यात अगदीच खोटं बोलला नव्हता असं नाही, समित्यांपुढे बरंच बोलावं लागतं. पण बहिणीशी हे पहिलं.

कलाबाईने तिला टेकवून बसवलं, केस विंचरले, डोक्यावर पदर दिला. हरिदासांनी दोन्ही हात त्या पदरावर ठेवले आणि प्रार्थना म्हटली. हजारो डोक्यांवर हे हात ठेवले होते, विनापरवानगी कधी नाही. मग भाकरीचा तुकडा दिला. गिरजाबाईने तो दातांनी तोडला नाही, जिभेवर विरघळू दिला. "झालं गा हरी," ती म्हणाली आणि लहान पोरीसारखी झोपली. हरिदास परसात जाऊन ढसाढसा रडले. आपण बिशप झालो तो दिवससुद्धा इतका चांगला नव्हता, असं त्यांना वाटलं.

कलाबाई बिचारी बुद्धाची उपासिका, तिला या परवानग्यांतलं काय कळणार? गिरजाबाईचं भलं झालं याच्या आनंदात तिने ते गावभर सांगितलं.

रविवारी सकाळी हरिदास दार उघडतात तो अंगणात पाच म्हातारी माणसं उभी. शेवटच्या बाकावरची. डोक्याला तेल, धुतलेले कपडे, बायांच्या अंगावर पांढरी लुगडी. पुढे काठी टेकत ऐंशी वर्षांचा वारलू. शेजारी चंदन पाद्री, तरणा, भला माणूस, काखेत मंडळीचं रजिस्टर.

"सायेब," वारलू म्हणाला, "कागद आला म्हणते. आमच्याबी डोक्यावर ठेवा. चालून येता येते तोवर."

"साहेब, तेवढं परवानगीचं पत्र द्या," चंदन उत्साहाने म्हणाला. "रजिस्टरला लावतो आणि भिंतीवरचं ते जुनं काढून टाकतो."

हरिदासांनी मागे पाहिलं. ओसरीवर गिरजाबाई जागी होती. अजून पाच जणांवर हात ठेवता आला असता, खोटं एकदा बोललेलंच होतं. पण हे रजिस्टरात जाणार, कचेरीत पोचणार, आणि चार दिवसांत उत्तर निघणार. चंदनची गत देवरावांसारखी होणार आणि या पाच जणांना पुन्हा सांगावं लागणार की हात केवळ हात होता. ते उंबऱ्यावरच खाली बसले.

"पत्र नाही," ते म्हणाले. "परवानगी आली नाही. मी खोटं बोललो."

वारलूने काठी या हातातून त्या हातात घेतली.

"मंग देवराव पाद्र्यानं काय वेगरं केलं होतं, सायेब?"

पाचही जण वळले आणि आले तसे सावकाश गेले. चर्चकडे नाही, घराकडे. उपासनेची वेळ झाली म्हणून चंदनही रजिस्टर काखेत धरून गेला.

"हरी," खाटेवरून आवाज आला.

ते जवळ गेले.

"मंग गुरुवारी मी खाल्लं ते काय होतं?"

हरिदासांना सगळं येत होतं. देव कागदाला बांधलेला नसतो, श्रद्धेने घेतलं ते पोचतं, असं ते शंभर प्रवचनांत बोलले होते. पण तिच्यापाशी त्यांचं एकच वाक्य होतं, सहीशिक्क्याचं, आणि अकरा वर्षं तिने ते उपाशी राहून सांभाळलं होतं. आता ते खोटं म्हणावं तर तिची अकरा वर्षं फुकट, आणि खरं म्हणावं तर गुरुवार फुकट.

"केवळ भाकर," तीच म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पाणी दे. चूळ भरतो."

त्यांनी पेला तिच्या ओठांना लावला आणि दुसऱ्या हाताने खाली तसराळं धरलं. तीन दिवसांपूर्वीच्या भाकरीची तिने चूळ भरली, दोनदा, आणि तोंड पदराने पुसून भिंतीकडे वळली.

बुधवारी ती गेली. कलाबाईने सांगितलं म्हणून विहारातले लोकही मातीला आले. माती झाल्यावर चंदनने चर्चच्या टेबलावर रजिस्टर उघडलं. गिरजाबाईच्या नावापुढे दृढीकरणाचा रकाना अकरा वर्षांपूर्वी खोडलेला होता. त्याच्या वरची जागा रिकामी होती. चंदनने भिंतीवरच्या पत्राकडे पाहिलं, मग पेन हरिदासांपुढे केला आणि हळूच म्हणाला, "साहेब, तुम्ही म्हणाल तसं. मी कुणाला सांगणार नाही."

हरिदासांनी पेन घेतला आणि त्या जागेत लिहिलं, 'नाही'. पुढे सवयीने सही केली.